सीट स्वस्त असू द्या, बोल्ट नको

देवराष्ट्रे हे सांगली जिल्ह्यातले गाव डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजले. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सुटे भाग जोडून सुमारे साठ हजार रुपयांत चारचाकी गाडी तयार केली होती. दुचाकीसारखी किक मारून ती सुरू होत असे. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, हेही सांगितले. तिच्या बदल्यात जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली. बहुतेकांच्या लक्षात गोड शेवट राहिला, नियमांचा मुद्दा मात्र मागे पडला. तो मुद्दा केवळ कागदपत्रांचा नाही. गाडीत बसणाऱ्याच्या मणक्याशी आणि डोक्याशी त्याचा थेट संबंध आहे.

भंडारा जिल्ह्याला धातूकाम नवे नाही. पितळी भांड्यांसाठी भंडाऱ्याची ओळख जुनी आहे. भंडारा, तुमसर, लाखनी, साकोलीच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांपासून लोखंडी गेटपर्यंत सगळे वेल्डिंगने उभे राहते. अशा हातांना बसकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार बांधण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘बाहा’सारख्या स्पर्धांसाठी स्वतःच गाडी बांधतात. ब्रिटनमध्ये १९५७ मध्ये आलेली ‘लोटस सेव्हन’ सुट्या भागांच्या स्वरूपातही मिळत असे आणि तिच्या धर्तीवर हजारो लोकांनी घरच्या गॅरेजमध्ये गाड्या बांधल्या. हौस निर्मळ आहे, कौशल्यही खरे आहे. चूक होते ती पैसे कुठे वाचवायचे हे ठरवताना.

इंजिन, गिअर, टायर, रंग यांवर खर्च करताना हात आखडत नाही. सीटची पाळी येईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो. मग भंगारातून जुन्या मारुतीची सीट येते, नाहीतर फायबरचे कवच ओतून त्यावर सोफ्याचा फोम आणि रेक्झिन चढवले जाते. यात मुळात गैर काही नाही. जुन्या छोट्या कारची सीट हलकी असते, तिची लोखंडी चौकट मजबूत असते आणि ती कारखान्यात तपासलेली असते. मात्र ती तपासणी त्या कारच्या तळाशी, त्याच कंपनीच्या बोल्टांनी जोडलेल्या अवस्थेत झालेली असते. तीच सीट पातळ पत्र्याला चार साध्या बोल्टांनी आवळली, की जुन्या तपासणीला काही अर्थ उरत नाही.

थोडे गणित पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा फटका सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. सीटसाठी वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट धक्का सोसावा लागतो. ७० किलोचा माणूस त्या क्षणी १४०० किलोचा होतो. सीटबेल्टच्या जोडांची चाचणीही साधारण याच ताकदीने होते. आठ मिलिमीटरचा साधा बोल्ट ताणाखाली सुमारे दीड टनाला तुटतो, तर डोक्यावर ‘८.८’ छापलेला त्याच जाडीचा बोल्ट तीन टनांच्या आसपास टिकतो. दोघांच्या किमतीतला फरक चहाच्या एका कपाएवढाही नसतो. बोल्ट टिकला तरी पत्रा फाटू शकतो. म्हणून खालून जाड पोलादी पट्टी आणि मोठा वायसर लावून भार पसरवावा लागतो. फायबरच्या तळाला तर हे अत्यावश्यकच आहे.

माणसाचे शरीर नाजूक असते, हे अर्धेच सत्य आहे. १० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत बसले. ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेगाची ही गाडी दीड सेकंदाच्या आत थांबली. त्यांच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट ताण आला. डोळ्यांत रक्तस्राव झाला, पण ते जगले, आणि पुढे अनेक वर्षे सीटबेल्टचा प्रचार करत राहिले. सीट जागची हलली नाही आणि पट्टे तुटले नाहीत, म्हणून हे शक्य झाले. याची दुसरी बाजू सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ दिसली. तिथल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या सीटवरील दोघांचा मृत्यू झाला. गाडी महागडी होती. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. सीटच्या किमतीपेक्षा माणूस सीटला आणि सीट गाडीला कशी बांधली आहे, यावर जीव अवलंबून असतो.

पट्टाही चुकीच्या जागी असेल तर इजा करतो. कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडांवर, मांडीच्या सांध्यालगत बसायला हवा. तो पोटावर सरकला तर आतडी फाटतात आणि कमरेचा मणका आडवा तुटतो. हे फ्रॅक्चर १९४८ मध्ये चान्स नावाच्या डॉक्टरने नोंदवले आणि आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. असा रुग्ण सुरुवातीला बोलत असतो, फक्त पोट दुखते म्हणतो. आतड्याची जखम काही तासांनी डोके वर काढते. सोफ्याचा जाड, मऊ फोम नेमका हाच धोका वाढवतो. धक्क्याच्या वेळी माणूस फोममध्ये खचतो आणि पट्ट्याखालून पुढे घसरतो. म्हणून फोम पातळ आणि घट्ट असावा, सीटची पुढची कड मागच्या भागापेक्षा थोडी उंच असावी.

रेसिंगचे चार टोकांचे पट्टे रुबाबदार दिसतात. पण खांद्याचे पट्टे सीटमागे खाली जमिनीला बांधले, तर धक्क्याच्या वेळी ते खांदे खाली दाबतात आणि पाठीचे मणके चेपतात. ते खांद्यांच्या पातळीला, मजबूत आडव्या पाइपालाच बांधायला हवेत. मांड्यांमधून येणारा पट्टा नसेल, तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर पोटावर ओढतात. हे सगळे जमणार नसेल, तर सर्वसाधारण कारमधला तीन टोकांचा पट्टा बरा. व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणलेल्या या पट्ट्याने जगभर असंख्य जीव वाचवले आहेत. तो मात्र भंगारातून घेऊ नये. अपघातात एकदा ताणलेला पट्टा वरून चांगला दिसला, तरी त्याचा भरवसा नसतो.

डोक्याचेही तसेच. मागून ट्रकची धडक बसली, की धड पुढे फेकले जाते आणि डोके मागे राहते. त्यामुळे मान झटक्याने मागे वाकते. सीटचा वरचा भाग डोक्याच्या माथ्यापर्यंत यावा आणि डोके व आधार यांत चार बोटांपेक्षा जास्त अंतर नसावे. बसक्या स्पोर्ट्स कारमध्ये दिसायला छान म्हणून ठेवलेली खांद्याएवढी सीट मानेसाठी घातक ठरते. डोक्याजवळून जाणारा लोखंडी पाइप उघडा ठेवला, तर तोच हातोडा होतो.

अपघात झालाच नाही, तरी वाईट सीट त्रास देतेच. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते आठ कंपनांच्या धक्क्यांना सर्वाधिक प्रतिसाद देतो आणि खराब रस्त्यावर कडक स्प्रिंगांची गाडी नेमके तसे हादरे देते. स्वस्त फोम ते शोषण्याऐवजी कधीकधी वाढवतो. दुसऱ्या महायुद्धात खडबडीत रस्त्यांवर जीप चालवणाऱ्या हजारो अमेरिकी सैनिकांना माकडहाडाजवळ पू होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले. डॉक्टरांनी त्याला ‘जीपचा आजार’ असेच नाव दिले. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात काळे रेक्झिन, घाम आणि हादरे असे तिन्ही एकत्र आले, तर त्वचेचे हाल होणारच. त्यावर साधी सुती खोळ पुरते. फोम मात्र सहज पेट घेणारा नसावा. हाताने बांधलेल्या गाडीत पेट्रोलची नळी आणि वायरिंग बहुधा सीटच्या जवळूनच जाते.

कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. नव्या बनावटीच्या वाहनाला नोंदणीपूर्वी पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेकडून मंजुरी लागते. ही व्यवस्था हजारोंनी गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांसाठी आखलेली आहे. एकच गाडी बांधणाऱ्या लाखनीच्या मिस्त्रीला ती पेलणारी नाही. परिणामी गाडी बांधली जातेच, पण चोरून चालते आणि तिची सीट कोणीच तपासत नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकेक गाडी सरकारी तपासनीस पाहतो. सीट आणि पट्ट्यांचे जोडही बघतो आणि ती उतरली तरच नोंदणी होते. भारतातही अशी सोय व्हायला हवी.

ती होईपर्यंत जिल्ह्यातल्या तंत्रशिक्षण संस्थांना एक काम सहज करता येईल. लोखंडी सळया ताणून तोडण्याचे यंत्र अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असते. गाडी बांधणाऱ्याने सीटच्या जोडाचा नमुना, म्हणजे तोच पत्रा, तीच पट्टी, तोच बोल्ट आणि तेच वेल्डिंग, घेऊन जावा आणि तो १४०० किलोला टिकतो का हे पाहावे. आयटीआयच्या वेल्डिंगच्या मुलांसाठी याहून चांगले प्रात्यक्षिक नाही. नमुना तुटला तर यंत्रावर तुटेल, महामार्गावर नाही. तो टिकला, तरीही नोंदणी नसलेली गाडी मोकळ्या मैदानातच चालवावी.

हा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्याने मणक्याला मार लागलेल्या तरुणाचा प्रवास आठवावा. भंडाऱ्याहून सुमारे साठ किलोमीटरवरच्या नागपूरला त्याला न्यावे लागते आणि तुटलेला मज्जारज्जू तिथेही पूर्ववत होत नाही. कमरेखालची संवेदना गेलेल्या पंचविशीतल्या मुलाला बिछान्यातून खुर्चीत बसवण्यासाठी घरातले एक माणूस कायमचे गुंतते. त्याच्या घरी गाडीपेक्षा चाकाच्या खुर्चीवर जास्त पैसा जातो, औषधांवर तर जन्मभर.

म्हणून गाडी पहिल्यांदा सुरू करण्याआधी मिस्त्रीने रंगाचा डबा बाजूला ठेवावा आणि सीटखाली हात घालून पाहावे. बोल्टवर ‘८.८’ आहे का, खाली जाड पट्टी आहे का, पट्टा कंबरेच्या हाडावर बसतो का आणि माथ्यामागे आधार आहे का, हे चार प्रश्न विचारावेत. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या दिवशी चावी फिरवू नये. रेक्झिन पुढच्या पगारात घेता येईल.