करप्याच्या आडून पोसला जाणारा बेण्यातला विषाणू

बटाट्यावर विषाणू आणि बुरशी एकाच हंगामात येतात, पण नुकसानीची नोंद होते ती एकट्या करप्याच्या नावावर. आंबेगाव-खेड पट्ट्यात खरिपाची हवा ढगाळ झाली की मँकोझेब हे बुरशीनाशक फवारा, आठवड्याने पुन्हा फवारा, एवढाच सल्ला फिरतो. या आठवड्यातही तोच फिरला. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे, आणि या अपुरेपणाची किंमत उत्पादकाला पुढच्या हंगामातही मोजावी लागते.

लवकर येणारा करपा अल्टरनेरिया बुरशीमुळे होतो. त्याचे वर्तुळात वर्तुळ असलेले तपकिरी ठिपके आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसतात. उशिरा येणारा करपा फायटोफ्थोरामुळे होतो. शास्त्रज्ञ आता त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत, पण थंड, दमट हवेत काही दिवसांत शेत काळे पाडण्याची त्याची ताकद त्यामुळे कमी होत नाही.

विषाणूची लक्षणे इतकी ठळक नसतात. पाने गुंडाळणारा विषाणू अन्नवाहिन्यांत ठाण मांडतो. पानात तयार झालेले अन्न कंदापर्यंत पुरेसे पोचत नाही, ते पानातच साठते आणि पाने जाड, कडक होऊन वर वळतात. ‘वाय’ विषाणू पानांवर फिकट-गडद चट्टे आणतो. त्याच्या जोडीला ‘एक्स’ विषाणू असला तर पाने सुरकुततात, झाड खुजे राहते आणि उत्पादन एकेकट्या विषाणूपेक्षा कितीतरी अधिक घटते.

विषाणू असला म्हणजे करपा वाढलाच, असा सरसकट नियम नाही. पाने गुंडाळलेल्या झाडांवर उशिराचा करपा कमी पसरल्याचेही जुन्या प्रयोगांत दिसले आहे. लवकरच्या करप्याला मात्र अशक्त, लवकर म्हातारे होणारे झाड सोपे जाते. खरे नुकसान विषाणू आणि करपा या दोहोंच्या बेरजेत आहे. विषाणूने कंदाचे अन्न आधीच अडवलेले असते आणि उरलेली हिरवी पाने करपा खातो. त्याहून वाईट म्हणजे पाने करपली की विषाणूग्रस्त झाडे ओळखून उपटता येत नाहीत. विषाणूग्रस्त झाडाचे कंद लहान राहतात आणि घरचे बेणे ठेवताना नेमके लहान कंदच बाजूला काढले जातात. असा रोग निवडून, जपून, पुन्हा मातीत लावला जातो.

बुरशीनाशकाचा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. कीटकनाशकाचाही भरवसा मर्यादितच, कारण विषाणू पसरवणारा मावा हा कीटक ‘वाय’ विषाणू काही सेकंदांत झाडात सोडतो. मावा मरेपर्यंत लागण झालेली असते. म्हणूनच उत्तरेच्या मैदानात मावा कमी असतो त्या काळात बेण्याचे पीक वाढवून, मावा वाढण्यापूर्वी पाला कापून टाकण्याची पद्धत केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने रुजवली. हे तंत्र साठ-पासष्ट वर्षे जुने आहे. तरीही शीतगृहातला खायचा बटाटा बेणे म्हणून महाराष्ट्रात सर्रास विकला जातो.

याला कायद्याची ढिलाई कारणीभूत आहे. 1966 च्या बियाणे कायद्यात प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. प्रमाणित बेण्यात विषाणूग्रस्त झाडे किती चालतील याची मर्यादा ठरलेली आहे, पण प्रमाणपत्राविना आलेल्या गोणीला ती लागू होत नाही. लागवडीच्या खर्चात बेण्याचाच वाटा सर्वांत मोठा असताना त्या गोणीत काय आहे हे विकत घेणाऱ्याला कळत नाही, हे अन्यायकारक आहे. पिकाच्या नुकसानीचे पंचनामेही पाने करपल्यावर होतात, तेव्हा पानांवर विषाणूचा पुरावा उरलेला नसतो.

कृषी विभागाने बटाटा बेण्याच्या प्रत्येक गोणीवर विषाणू तपासणीचा निकाल छापणे सक्तीचे करावे आणि पिकाची पहिली पाहणी करपा येण्याआधी, लागवडीनंतर महिन्याभरात करावी.