इंजिनाला दिवाळी, गिअरबॉक्सला उपास!

परवा वीकएंडला पुण्याहून धाराशिवला घरी गेलो. बाबांची जुनी जीप काढली आणि आईला सोलापूरला डॉक्टरकडे घेऊन निघालो. तुळजापूरचा घाट उतरताना मागून ‘घूंऽऽ’ सुरू! खाली आल्यावर एक गॅरेज दिसलं.

‘‘साहेब, ऑइल कधी बदललं?’’

‘‘दिवाळीत!’’ मी ऐटीत.

‘‘ते इंजिनाचं. गिअरबॉक्सचं? मागच्या डिफरन्शियलचं?’’

आपण गप्प. त्यानं बोल्ट खोलला, तर काळंकुट्ट ऑइल आणि त्यात चमचमणारा लोखंडाचा चुरा. दाते झिजलेले. माझ्या नव्या मोबाइलचं बजेट तिथंच खलास. आई एसटीनं पुढे गेली.

तर बॉस, हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, म्हणून आपल्याला आठवतही नाही. पण वापरानं ते खराब होतंच. मॅन्युअल गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल साधारण ५० ते ८० हजार किलोमीटरला बदलायचं. सततचे घाट, जड ओझं असेल तर त्याआधी. गाडी खोल पाण्यातून गेली, तर लगेच तपासायचं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या कारमध्ये डिफरन्शियल बहुधा गिअरबॉक्सच्या पोटातच असतं. दोघांना एकच ऑइल. ऑटोमॅटिकचं ऑइल मात्र वेगळं. डब्यावरचं जीएल-४, जीएल-५ही पुस्तिकेशी जुळवूनच घ्या.

रात्री आई म्हणाली, ‘‘इंजिनाला दिवाळी, अन् त्या बिचाऱ्याला उपास होय रे?’’

तुमच्या गाडीचा उपास कधीपासून चाललाय?