आजीचा फ्रिज एवढासा का?

गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत, सुट्टीत नेरुळला जाऊन आलेल्या एका मुलाने जाहीर केलं, "आजीच्या फ्रिजमध्ये काहीच नसतं." मोठी माणसं हसली, कुणी "बिचारी आजी" म्हणालं, आणि एका काकांनी तिला डबल डोअर घेऊन द्यायचा सल्लाही दिला. मला रागच आला.

काहीच नसतं म्हणजे? दूध असतं, दही असतं, आलं-मिरची असते. भाजी नसते, कारण ती रोज सेक्टरातल्या मार्केटमधून येते आणि तिथे वाशीच्या एपीएमसीतून. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई आखताना सेक्टर पाडले, त्यात दुकानांना जागा ठेवली. मंडई पायी जाण्याच्या अंतरावर असेल तर घरात शीतगृह कशाला? आमच्याकडे परदेशात इंडियन स्टोअर गाडीने अर्ध्या तासावर, म्हणून स्वयंपाकघरात सातशे लिटरचा फ्रिज आणि वर गॅरेजमध्ये डीप फ्रीझर. भाजीवाला जितका लांब तितका फ्रिज मोठा, एवढाच हा हिशेब!

मात्र मोठा फ्रिज घरात आला की पुढचं तोच ठरवतो. खारघरला भावाकडे १६५ लिटरचा होता तेव्हा पावशेर भेंडी यायची आणि त्याच दिवशी संपायची. डबल डोअर आल्यापासून रविवारी गाडी भरून खरेदी होते. रिकामा कप्पा बघवत नाही, म्हणून फ्रोझन मटार, इडलीचं तयार पीठ, चार तऱ्हेचे सॉस. खालच्या ड्रॉवरमध्ये मेथी कुजते ती वेगळीच. गोदरेजने १९५८ मध्ये पहिला देशी फ्रिज काढला, तो नासणारं वाचवायला. आता आपण जास्त आणून त्यातच नासवतो.

  

उपदेश जरा जास्तच झाला, माफ करा. सकाळची लोकल गाठणाऱ्या बाईला रोज भाजी आणून निवड असं सांगायचा मला हक्क नाही. तिला मोठा फ्रिज हवा असेल तर जरूर घ्यावा.

डिसेंबरात नवी मुंबईला जाणाऱ्यांना विनंती एवढीच: आईसाठी परस्पर ऑनलाइन फ्रिज मागवू नका. एकदा सकाळी तिची पिशवी धरून तिच्याबरोबर मार्केटला जा, आणि मग तिलाच विचारा.