न पोहोचलेल्या वस्तूचा परतावा: कालमर्यादा आहे, जबाबदारी धूसर

पैसे भरले, वस्तू आली नाही. ॲपवर मात्र ‘डिलिव्हर्ड’ अशी नोंद. ऑनलाइन खरेदीतील खरा पेच हाच आहे. न घडलेली गोष्ट ग्राहकाने सिद्ध कशी करावी? ओटीपी वा छायाचित्राचा पुरावा असलाच, तर तो कंपनीकडे असतो. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात होणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात विक्रेता आणि मध्यस्थ कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात. विक्रेत्याच्या कसुरीसाठी मध्यस्थ कंपनीलाही जबाबदार धरण्याचा प्रस्ताव केंद्राने २०२१ च्या मसुद्यात मांडला होता. नियमांतील उणिवेची ती एका अर्थी कबुलीच होती. ‘१९१५’ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर दाद न मिळाल्यास ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाऊ शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क नाही.