वंशावळीतील गाळलेली नावे

विश्रांतवाडीसारख्या, शहराने पोटात घेतलेल्या वस्तीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास जमिनीचे कागद आधी सापडतात, माणसे मागाहून. आपल्याकडे वंशावळ जपली गेली ती बहुतांशी वतनापोटी. १८५२ च्या कायद्यान्वये इनामाचा हक्क सिद्ध करावयाचा, तर पिढ्या मांडून दाखविणे भाग होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात इनाम कमिशनचे ते कागद आजही आहेत. ज्याला इनाम नाही, त्याला पणजोबाही नाही! नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा त्यातल्या त्यात उदार अपवाद. मुलींची नावे तर घरच्याच कागदांतून गळाली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस जन्मसिद्ध हक्क दिला. आता वंशावळीत तिचे नाव हटकून येते. पुष्कळदा ते हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरतेच.