हिशेब बघायला जा

सुरतेच्या पोरांना ज्यूंच्या छळछावण्या दाखवायला नेण्याची गरजच काय, असं विचारणारे दोन प्रकारचे लोक असतात. एक म्हणतात, तो युरोपचा मामला. त्यांनी केलं, त्यांनी निस्तरावं. दुसरे जरा वाचलेले असतात. ते म्हणतात, आधी आपल्या घरात काय जळतंय ते बघा. पहिल्यांना उत्तर देणं सोपं आहे, दुसऱ्यांना नाही. पण या दोघांपेक्षा जास्त घोळ करून ठेवला आहे तो अशा दौऱ्यांच्या समर्थकांनी.

पहिल्यांचं आधी आटपून टाकू. हिटलर युरोपचा मामला असता, तर २००६ मध्ये खारघरला त्याच्या नावाचं रेस्टॉरंट निघालं नसतं आणि २०१२ मध्ये अहमदाबादेत त्याच्या नावाचं कपड्यांचं दुकान थाटलं गेलं नसतं. दुकानदारांचा खुलासा तर वाचण्यासारखा होता: भागीदाराचे आजोबा कडक स्वभावाचे, म्हणून त्यांना घरात हिटलर म्हणत! गुजरातच्या दहावीच्या सामाजिक शास्त्रांच्या पुस्तकात नाझी राजवटीच्या कर्तबगारीचं कौतुक आणि ज्यूंच्या संहाराबद्दल जवळजवळ मौन, यावरून दोन दशकांपूर्वी देशभर टीका झाली होती. फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र आजही खपतं. ‘माणूस वाईट असेल, पण शिस्त होती हो’ हे वाक्य आपल्या किती प्राध्यापकांच्या तोंडून ऐकावं लागतं! म्हणजे हिटलर इथे केव्हाच येऊन बसला आहे. आलेला नाही तो त्याचा हिशेब.

शिवाय सुरतेने तरी ‘आमचा काय संबंध’ म्हणू नये. जगातल्या दहांपैकी नऊ हिऱ्यांना पैलू पाडणारं हे शहर आहे. लिंबायत-उधन्यात राहणारी, खानदेशातून आलेल्या बापांची किती तरी मराठी पोरं या शहराच्या धंद्यांवर वाढली आहेत. आणि हिऱ्याचा धंदा म्हटला की अँटवर्प आलंच. पालनपुरी जैन पेढ्या तिथे १९६०च्या दशकापासून पाय रोवू लागल्या. त्याआधी तो बाजार मुख्यतः ज्यूंचा होता. त्या ज्यूंचं काय झालं? अँटवर्पहून ब्रुसेल्सकडे निघालं की साधारण पंचवीस किलोमीटरवर मेहेलेन लागतं. तिथल्या दोसां बराकीतून १९४२ ते १९४४ या काळात पंचवीस हजारांहून अधिक ज्यू आणि साडेतीनशेच्या आसपास रोमा (जिप्सी) आगगाड्यांत कोंबून पाठवले गेले, बहुतेक सगळे पोलंडमधल्या ऑशविट्झला. जिवंत परतले ते शंभरात पाचच्या आसपासच. आता तिथे संग्रहालय आहे. आमचे हिरेवाले त्याच रस्त्याने वर्षानुवर्षं ये-जा करतात.

दुसरा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. डिसेंबर १९९२ मध्ये सुरतेतल्या हिंदू-मुस्लिम दंगलीत जे घडलं, ते इथल्या विद्यापीठातल्या आजच्या मुलांना धड कोणी सांगितलेलं नाही. ते न सांगता पोलंडचं तिकीट काढणं हा शुद्ध पळपुटेपणा आहे, हे मान्य. पण इथून पुढे आक्षेपकांची आणि माझी वाट वेगळी होते. घरातलं आधी बघा म्हणणाऱ्यांनी घरातला अभ्यासदौरा काढल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यांचं ‘आधी’ म्हणजे ‘कधीच नको’. दंगल आणि राज्ययंत्रणेने योजून केलेला वंशसंहार या एकच गोष्टी नाहीत. पण शेजाऱ्याचं नाव यादीत कोण घालतो, पोलीस केव्हा पुढे होतात आणि केव्हा मागे राहतात, हे प्रश्न दोन्हीकडे विचारावे लागतात. परक्या गावात ते विचारायची सवय झाली, तर घरी आल्यावर ती सहजी जात नाही. काहींना नेमकी याचीच भीती वाटत असावी.

मधल्यामध्ये एक गोड तडजोडही सुचवली जाते: युरोप कशाला, जामनगरजवळच्या बालाचडीला न्या, मराठी मुलांना कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला न्या. जरूर न्या. नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी १९४२ मध्ये पोलिश मुलांना बालाचडीत आसरा दिला; वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. वॉर्सात त्या ‘भल्या महाराजां’च्या नावाचा चौक आहे. पण हे निर्वासित बहुतांशी कॅथलिक होते, आणि त्यांना घरादारातून उचलून सैबेरिया-मध्य आशियात नेलं होतं ते स्टालिनच्या राजवटीने. तो इतिहास मोठा आहे, पण तो होलोकॉस्ट नव्हे. बालाचडीहून मुलगा परततो तो ‘आपण किती थोर’ असं म्हणत. ऑशविट्झचा प्रश्न नेमका त्या समाधानालाच सुरुंग लावणारा आहे. एकाच्या जागी दुसरं खपवणं ही इतिहासाची भेसळ झाली.

आता समर्थकांकडे वळू. त्यांचा दौरा असा असतो: क्राकोव्ह, ऑशविट्झ, मिठाची खाण, परत. २०१९ मध्ये तेवीस लाखांवर माणसं ऑशविट्झला येऊन गेली, आणि त्याच वर्षी स्मारकाला लोकांना विनवावं लागलं, की बाबांनो, इथल्या रुळांवर तोल सांभाळत फोटो काढू नका. समर्थक म्हणतात, मुलं तिथे रडतात, बदलतात. रडतात हे खरं. पण रडणाऱ्या मुलाने स्वतःला अकरा लाख बळींच्या बाजूला उभं केलेलं असतं, आणि ती जागा फार सोयीची आहे. तिथे उभं राहिलं की आपल्या हातून काय होऊ शकतं, हा प्रश्न पडतच नाही. पदवी घेऊन कुठल्यातरी कार्यालयात, कारखान्यात, इस्पितळात बसणार असलेल्या माणसाला तिथून काय मिळालं? चार दिवसांची हळहळ. तेवढ्यासाठी मुलांना डुमसला न्यावं. समुद्रही दिसतो, टोमॅटोची भजीही मिळतात.

माझं म्हणणं असं, की विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला आधी त्याच्याच पेशाचा माणूस दाखवा. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनमधल्या वानझेच्या बंगल्यात पंधरा अधिकारी जमले आणि युरोपभरच्या ज्यूंचा ‘निकाल’ कसा लावायचा, याचा मेळ बसवून उठले. त्या पंधरांपैकी आठ जण डॉक्टरेट मिळवलेले होते. बैठकीचं इतिवृत्त पंधरा पानांचं आहे, आणि ते कोणत्याही सरकारी टिपणीइतकं थंड आहे. कायद्याच्या मुलांना त्या बंगल्यात बसवून ते वाचायला लावा. जर्मनीतल्या एरफुर्टला टॉप्फ कंपनीच्या जुन्या कार्यालयात २०११ पासून स्मारक आहे. ही कंपनी मुख्यतः बिअरच्या कारखान्यांची यंत्रं बनवणारी; छावण्यांच्या दहनभट्ट्या हा तिच्या उलाढालीचा अगदी लहान भाग. कोणी बंदूक लावली नव्हती. तिच्या एका अभियंत्याने १९४२ मध्ये अखंड चालणाऱ्या, एकाच वेळी अनेक प्रेतं जाळणाऱ्या भट्टीच्या पेटंटसाठी अर्ज केला. इच्छानाथच्या इंजिनियरिंग कॉलेजातल्या मुलांनी ती फाइल बघावी. मेडिकलची मुलं जर्मनीतल्याच हाडामारला जावीत. तिथे मनोरुग्णांना आणि अपंगांना मारलं, आणि मृत्यूच्या खोट्या दाखल्यांवर डॉक्टरांनी सह्या केल्या.

आणि सुरतेपुरतं सगळ्यात मोलाचं पुन्हा मेहेलेनच. बेल्जियममध्ये ऑक्टोबर १९४० च्या जर्मन हुकुमाने ज्यूंची नोंद करायला लावली, आणि ती वही भरली बेल्जियन पालिकांच्या कारकुनांनी. जून १९४२ मध्ये ब्रुसेल्सच्या महापौरांनी ज्यूंनी कपड्यांवर लावायचे पिवळे तारे वाटायला नकार दिला. अँटवर्पच्या पालिकेने वाटले. ऑगस्टमध्ये अँटवर्पच्या पोलिसांनी स्वतः दारं ठोठावून माणसं धरली. परिणाम असा, की अँटवर्पच्या ज्यूंपैकी दोन तृतीयांशांच्या आसपास पाठवले गेले, ब्रुसेल्समधून एक तृतीयांशाहून थोडे अधिक. जर्मन तेच, हुकूम तोच, देशही तोच. फरक पडला त्यात पालिकेच्या टेबलाचाही वाटा होता. याच मेहेलेनहून १९ एप्रिल १९४३ ला निघालेली गाडी तीन तरुणांनी एक पिस्तूल आणि लाल कागद लावलेला कंदील एवढ्या भांडवलावर अडवली. कारकून आणि हे तिघे एकाच देशात राहत होते, हे ज्याला तिथे उभं राहून कळलं त्याला हिटलरच्या शिस्तीचं कौतुक पुन्हा ऐकवणार नाही.

पैसा हा शेवटचा आक्षेप, आणि तो खरा आहे. लूमवर बाप असलेल्या मुलीला बेल्जियम परवडत नाही. म्हणून सुरतेच्या विद्यापीठाला आणि हिरेवाल्यांना सांगणं आहे. खजोदला हजारो कार्यालयांचं हिरे बाजार संकुल उभं करणाऱ्या शहराला दरवर्षी दहा मुलांचा खर्च जड नाही. अँटवर्पला ज्यांच्या पेढ्या आहेत त्यांनी तो उचलावा. जायच्या आधी एक सत्र वर्गात अभ्यास व्हावा आणि त्यात सुरतेचं १९९२ ही यावं. निवड मार्कांवर करू नका. वानझेची ती पंधरा पानं सगळ्यांना द्या, त्यावर निबंध लिहायला सांगा, आणि ज्यांचे निबंध चांगले उतरतील त्यांना पाठवा, मग ते लिंबायतचे असोत की सुखवस्तू वेसूचे.