तिच्या शब्दांत लिहूया

चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारी एक मैत्रीण आमच्याकडे आली. सुपरवायझर त्रास देत होता. २०१३ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते; सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. ती आली तेव्हा पाचवा महिना चालू होता. कायदा कंत्राटी बाईलाही लागू आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. मोबाइल तर रोज हातात होता. मग कळलं कसं नाही?

तिने यूट्यूबवर शोधलं होतं : 'साहेब त्रास देतो काय करावं'. यूट्यूब आपले शब्द पाहतं, आपण आधी काय पाहिलं तेही पाहतं. तिच्यापुढे आले मालिकांचे तुकडे आणि साहेबाला वश करण्याचे तोडगे. आणि आपल्या व्हिडिओचं नाव काय? 'कार्यस्थळी लैंगिक छळ प्रतिबंध : एक परिचय'. ती आपल्यापर्यंत पोचणार कशी?

इन्स्टाग्रामची तऱ्हा वेगळी. तिथे न शोधताही अनोळखी लोकांचे रील पुढे येतात, पण बहुतेक आपण थांबून पाहिलेल्यांसारखेच. व्हॉट्सअॅपच्या गटात मात्र कुणी पाठवल्याशिवाय काही येत नाही. पुढे पाठवायचं तर एका वेळी पाचच ठिकाणी. तरी बाया त्यावर विश्वास ठेवतात, कारण पाठवणारी ओळखीची असते. हे आपल्या जुन्या पत्रकासारखंच, हातोहात जाणारं. १९८३ साली 'मुलगी झाली हो' हे नाटक आलं, तेव्हाही बाया शोधत येतील म्हणून कुणी थांबलं नव्हतं. नाटकच बायांपर्यंत गेलं.

यात एक धोकाही आहे. फोन पुष्कळदा घरात एकच असतो. पाहिलेले व्हिडिओ यादीत राहतात, तसलेच आणखी पुढे येतात आणि नवऱ्याच्या नजरेला पडतात. मारहाणीविरुद्धची माहिती अशी उघडी पडली, तर मार वाढतो.

म्हणून मैत्रिणींनो, व्हिडिओचं नाव तिच्या तोंडच्या शब्दांत ठेवूया. कंपनीच्या प्रत्येक बसमध्ये माहिती पुढे पाठवणाऱ्या दोघीजणी शोधूया. आणि व्हिडिओ दाखवण्याआधी यादी पुसायला शिकवूया. १८१ हा नंबर तोंडपाठ करून घेऊया.

त्या मैत्रिणीने उशिराचं कारण लिहून मुदतवाढ मागितली आहे. पुढचीला ती मागावी लागू नये.